स्वयंसेवी गटाची नोंदणी: धर्मादाय कार्यालयापासून ८० जी पर्यंत

टेकडीवर झाडं जगवणारा गट, रुग्णालयाबाहेर नातेवाइकांना जेवण पोचवणारी मंडळी, वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका चालवणारे पाच-सात जण. अशा गटाला महाराष्ट्रात करमाफी असलेली संस्था व्हायचं असेल तर दोन वेगवेगळ्या कार्यालयांकडे जावं लागतं. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्था जन्माला येते. तिचं उत्पन्न करमुक्त ठरवणं (१२ एबी) आणि देणगीदाराला वजावट देणं (८० जी) हे आयकर खात्याचं काम. धर्मादायचं प्रमाणपत्र आलं की करमाफी आपोआप लागू होते, असं समजून पावतीपुस्तकावर ‘करमुक्त देणगी’ छापणारे पुष्कळ. तसं काही होत नाही, आणि अशा पावतीवर वजावट मागणाऱ्या देणगीदाराला नंतर नोटीस येते.

एक गोष्ट सुरुवातीलाच. १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आहे. कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलले, पण सीएच्या कचेरीत, बँकेत आणि देणगीदारांच्या तोंडी १२ एबी, ८० जी हीच नावं आहेत. इथेही तीच वापरली आहेत. आयकराच्या पोर्टलवर अर्ज निवडताना मात्र नवा क्रमांक पाहून घ्या.

नोंदणी हवीच आहे का?

सगळा खर्च आपसात वर्गणी काढून भागत असेल तर नोंदणीची घाई करू नका. नोंदणीबरोबर दरवर्षीचं लेखापरीक्षण, विवरणपत्र, सभांची इतिवृत्तं आणि विश्वस्त बदलला की बदल अर्ज, हे सगळं मागे लागतं. काम थांबलं म्हणून न्यास (ट्रस्ट) आपोआप संपत नाही. तो कागदावर राहतो आणि त्याची जबाबदारी विश्वस्तांवर राहते.

मधला मार्गही आहे. ८० जी असलेल्या एखाद्या जुन्या, विश्वासू संस्थेचा उपक्रम म्हणून काम करायचं. देणग्या तिच्या खात्यात, पावती तिची, खर्चाचं शीर्षक वेगळं. फक्त पैसे कसे मागायचे, खर्चाला मंजुरी कोण देणार आणि उपक्रम वेगळा झाला तर शिल्लक व सामान कोणाचं, हे पत्रावर लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या. पहिली दोन-तीन वर्षं लहान गटाला बहुधा हेच सोयीचं पडतं.

बिगरनोंदणी गटाला लोकांकडून सार्वजनिक वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळांना ती ओळखीची आहे, इतर गटांना सहसा नाही. आणि गटाचा पैसा एकाच कार्यकर्त्याच्या बचत खात्यात किंवा त्याच्या मोबाइलच्या यूपीआयवर घेणं टाळा. आयकर खात्याच्या नजरेत ती त्या माणसाची जमा असते, आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर वारसांची.

देणगीदार ८० जी ची पावती मागू लागले, एखादी कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक कामासाठीच्या निधीतून) पैसे द्यायला तयार झाली, सरकारी अनुदान किंवा जागा मिळायची वेळ आली, की मग स्वतःची नोंदणी लागतेच.

न्यास, संस्था की कंपनी

साधा न्यास विश्वस्तपत्रावर, म्हणजे ट्रस्ट डीडवर उभा राहतो. त्याला एक न्यासकर्ता आणि किमान दोन विश्वस्त लागतात. निवडणूक नाही, सभासद नाहीत, निर्णय विश्वस्तांचे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालच्या संस्थेला किमान सात जण लागतात. तिथे सभासद, सर्वसाधारण सभा आणि निवडून आलेलं कार्यकारी मंडळ असतं. महाराष्ट्रात धर्मादाय हेतूची अशी संस्था १९५० च्या कायद्यानेही सार्वजनिक न्यासच मानली जाते, त्यामुळे तिची नोंदणी दुहेरी होते. न्यासाच्या नोंदणी क्रमांकाआधी ‘ई’ आणि संस्थेच्या क्रमांकाआधी ‘एफ’ दिसतो तो त्यामुळेच. तिसरा पर्याय कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ ची कंपनी. तिला दोन संचालक पुरतात, पण दरवर्षी कंपनी निबंधकाकडे भरायच्या कागदांचा खर्च लहान गटाला पेलत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. काम आणि निर्णय चार-पाच जणच करत असतील तर न्यास घ्या. स्वयंसेवकांना खरोखर मताचा अधिकार द्यायचा असेल तरच संस्था. सात आकडा भरावा म्हणून भावजय, मेहुणा आणि शेजारी घालून केलेली संस्था पहिल्या वादात अडते, कारण तेव्हा सभासद कोण हाच पहिला प्रश्न निघतो आणि यादी कोणाकडेच धड नसते. शिवाय नातेवाइकांनी भरलेलं मंडळ पाहिलं की आयकर अधिकारी आर्थिक व्यवहारांची जास्त चौकशी करतात.

घटना: इथे वेळ घाला

पुढे जे जे अडतं त्यातलं बहुतेक पहिल्या दिवशी लिहिलेल्या घटनेत किंवा विश्वस्तपत्रात असतं. धर्मादाय कार्यालयाबाहेर तयार नमुना मिळतो, त्यात नाव-पत्ता भरला की काम झालं असं वाटतं. त्या नमुन्यात गोशाळेपासून संगणक प्रशिक्षणापर्यंत तीस उद्दिष्टं असतात. धर्मादाय कार्यालय ती मान्य करतं. पण नियमित १२ एबी देताना आयकर अधिकारी प्रत्येक उद्दिष्ट वाचतो आणि विचारतो की यापैकी काय केलं, पुरावा काय.

म्हणून उद्दिष्टं चार-पाचच ठेवा आणि कायद्याच्या ओळखीच्या गटांत बसतील अशा शब्दांत लिहा. गरिबांना मदत, शिक्षण, योग, वैद्यकीय मदत, पर्यावरण आणि वन्यजीवांचं रक्षण, ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाच्या वास्तू-वस्तूंचं जतन, हे स्वतंत्र गट आहेत. बाकी सगळं, उदाहरणार्थ खेळांना प्रोत्साहन, ‘सर्वसाधारण लोकोपयोगी उद्दिष्टा’त जातं. तिथे शुल्क किंवा विक्रीसारखी व्यावसायिक जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली तर त्या वर्षीची करमाफी जाते. अभ्यासिका चालवत असाल तर ‘युवकांचा सर्वांगीण विकास’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘शिक्षण’ हा शब्द सरळ लिहिलेला बरा.

‘अमुक समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी’ अशी ओळ असेल तर ८० जी मिळत नाही. एका धर्माच्या किंवा जातीच्याच फायद्याची संस्था त्या सवलतीबाहेर आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीच्या संस्थांना ही आडकाठी नाही. मंदिराचा जीर्णोद्धार, दिंडीची सोय, सप्ताह हे धार्मिक काम समाजकार्याच्या उद्दिष्टांत मिसळू नका. ८० जी असलेल्या संस्थेचा धार्मिक खर्च वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांवर जाऊन चालत नाही. दोन्ही करायचं असेल तर दोन वेगळे न्यास करा.

घटनेत पुढच्या गोष्टी शब्दात लिहिलेल्या असाव्यात, ‘कायद्याप्रमाणे राहील’ असं म्हणून सोडू नयेत:

– संस्थेचं काम आणि खर्च भारतातच होईल.
– लाभ जात, धर्म, लिंग न पाहता मिळेल.
– उत्पन्न किंवा मालमत्ता विश्वस्तांत, सभासदांत किंवा त्यांच्या नातेवाइकांत वाटली जाणार नाही.
– न्यास मागे घेता येणार नाही.
– विसर्जन झाल्यास शिल्लक मालमत्ता तशाच उद्दिष्टांच्या आणि तशीच करसवलत असलेल्या संस्थेला जाईल.
– हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपेल आणि लेखापरीक्षण दरवर्षी होईल.
– पैसा आयकर कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणीच गुंतवला जाईल.

यातलं विसर्जनाचं आणि ‘मागे न घेण्याचं’ कलम सर्वांत जास्त वेळा राहून जातं, आणि नेमकं तेच कलम आयकर अधिकारी आधी शोधतो. नंतर घालू म्हणाल, तर १८६० च्या कायद्यातली पद्धत वाचा. उद्दिष्टात बदल करायचा तर प्रस्ताव सभेच्या दहा दिवस आधी सभासदांना पोचवायचा, विशेष सभेत तीन-पंचमांश मतं मिळवायची, एक महिन्याने दुसरी विशेष सभा घेऊन पुन्हा तीन-पंचमांश मतांनी तो कायम करायचा. विश्वस्तपत्रातला बदल याहून सोपा नाही.

विश्वस्तांची किमान आणि कमाल संख्या, मुदत, रिकामी जागा कोण भरणार, गणपूर्ती (कोरम) किती आणि सचिवाने सभाच बोलावली नाही तर कोण बोलावू शकेल, हेही लिहा. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. भांडण झालेल्या संस्थेत सगळं तिथेच अडतं. ‘आजीव विश्वस्त’ नेमायची हौस असेल तर २०२५ ची दुरुस्ती ध्यानात घ्या. अशा विश्वस्तांची संख्या एकूण मंडळाच्या एक-चतुर्थांशाहून जास्त ठेवता येत नाही.

घटना मराठीत असली तरी चालते. आयकराच्या कामासाठी तिचं इंग्रजी भाषांतर विश्वस्तांच्या सहीने तयार ठेवा.

धर्मादाय कार्यालयातले कागद

अर्ज धर्मादाय संघटनेच्या संकेतस्थळावर भरला जातो. आधी नाव मान्य करून घ्यायचं. तीन पर्याय तयार ठेवा. जिल्ह्यात मिळतंजुळतं नाव असेल किंवा नाव सरकारी कार्यालयासारखं वाटत असेल तर ते नाकारलं जातं. ‘मानवाधिकार’, ‘भ्रष्टाचार निर्मूलन’ असे शब्द नावात घेतले तर हरकत ठरलेली.

संस्थेसाठी विधानपत्र (मेमोरँडम), नियमावली, पहिल्या कार्यकारी मंडळाची यादी (नाव, पत्ता, वय, व्यवसाय, पद, राष्ट्रीयत्व), प्रत्येकाचं संमतिपत्र, नोंदणीचं काम करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र, पहिल्या सभेचा ठराव, प्रतिज्ञापत्र, ओळखीचे पुरावे आणि कार्यालयाच्या जागेचं ना हरकत पत्र लागतं. न्यासाला विधानपत्र आणि नियमावलीऐवजी विश्वस्तपत्र, बाकी सगळं याच धर्तीवर. न्यासाला जमीन किंवा घर दिलं जात असेल तर विश्वस्तपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. नुसती रक्कम देऊन सुरुवात करणं म्हणूनच सोपं. रक्कम थोडी चालते, पण अर्जात ती दिसली पाहिजे.

अर्ज परत येतो तो बहुधा फालतू कारणांनी. आधारवर ‘सुनिल’, पॅनवर ‘सुनील’. ना हरकत पत्र मुलाचं आणि वीजबिल वारलेल्या वडिलांच्या नावावर. संमतिपत्रावरची सही आणि नियमावलीवरची सही वेगळी. एखाद्या पानावर सह्याच नाहीत. जागा भाड्याची असेल तर मालकाचं ना हरकत पत्र आणि मालमत्ता कराची पावती एकाच नावाची आहे का, ते आधी पाहा. नसेल तर दुसऱ्या विश्वस्ताचा पत्ता द्या. तेवढ्यासाठी वारसनोंदीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदली गेली की न्यास म्हणून नोंदणीचा अर्ज १९५० च्या कायद्याच्या कलम १८ खाली करायचा. न्यास निर्माण झाल्यापासून त्याला तीन महिन्यांची मुदत आहे. मग कलम १९ ची चौकशी होते, निष्कर्ष दिला जातो आणि न्यासाची नोंद सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीत होते. तिचा उतारा म्हणजे ‘परिशिष्ट १’. प्रमाणपत्राबरोबर त्याची प्रमाणित प्रत त्याच वेळी मागून घ्या. सध्याचे विश्वस्त कोण आणि मालमत्ता काय हे त्याच कागदावर असतं, त्यामुळे बँक आणि देणगीदार कंपन्या तोच मागतात. सरकारी शुल्क एकंदरीत किरकोळ असतं. मोठा खर्च मध्यस्थाचा, आणि घटना त्याच्याकडून ‘छापून’ घेतलीत तर तो पुन्हा भरावा लागतो.

पॅन आणि बँक

पॅन न्यासाच्या नावाने काढा आणि अर्जात दर्जा ‘ट्रस्ट’ निवडा. अशा पॅनचं चौथं अक्षर ‘टी’ येतं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग पहिल्या दिवशी ठरवून लिहून ठेवा. ‘प्रतिष्ठान’ इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिता येतं, आणि पॅनवर एक, बँकेत दुसरं असलं की आयकर पोर्टलवर खातं पडताळून मिळत नाही. बँक खात्यावर तीनपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या ठेवा. नवरा-बायको दोघंच सह्या करणारी नकोत.

१२ एबी

इथे दोन रस्ते आहेत. संस्थेचं काम अजून सुरू झालेलं नसेल तर तात्पुरती नोंदणी मिळते, तीन वर्षांची. जुन्या नावाने हा अर्ज १० ए. कागद जोडून डिजिटल सहीने किंवा ओटीपीने भरला की फारशी चौकशी न होता साधारण महिन्या-दीड महिन्यात आदेश येतो. काम आधीच सुरू झालं असेल तर तात्पुरतीचा मार्ग बंद होतो आणि थेट नियमित नोंदणीचा अर्ज (जुना १० एबी) करावा लागतो. तिथे कामाचे पुरावे, हिशेब, देणगीदारांची यादी सगळं तपासलं जातं. म्हणून पॅन आल्यावर आधी १० ए भरा, मगच संस्थेच्या नावाने पहिला कार्यक्रम करा.

तात्पुरती नोंदणी मिळाली की बहुतेक गट निश्चिंत होतात आणि खरा घोटाळा इथेच होतो. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, किंवा तात्पुरती नोंदणी संपायच्या किमान सहा महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा नियमित नोंदणीचा अर्ज करायचा असतो. तीन वर्षं आहेत म्हणून थांबलात आणि काम पहिल्याच महिन्यात सुरू झालं असेल, तर मुदत केव्हाच गेलेली असते. नोंदणी अशी निसटली तर संस्थेच्या निव्वळ मालमत्तेच्या बाजारमूल्यावर कमाल दराने कर लागण्यापर्यंत वेळ येऊ शकते. नियमित नोंदणी पाच वर्षांची असते. ज्यांचं सवलतीआधीचं उत्पन्न मागच्या दोन्ही वर्षांत ५ कोटींच्या आत आहे त्यांना ती दहा वर्षांची मिळू शकते.

नियमित अर्जावर प्रश्नावली येते ती पोर्टलवर आणि ईमेलवर. नोंदवलेला ईमेल मध्यस्थाचा असेल तर तुम्हाला पत्ताही लागत नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणून अर्ज फेटाळला जातो. ईमेल आणि मोबाइल विश्वस्ताचाच द्या. उत्तरात प्रत्येक उपक्रमाची तारीख, ठिकाण, लाभार्थींची संख्या, खर्चाचं बिल आणि बँकेतली नोंद जुळवून द्या. नुसते फोटो आणि वर्तमानपत्राची कात्रणं पुरत नाहीत.

८० जी आणि पावत्या

८० जी चा अर्ज वेगळा, पण त्याच पोर्टलवर आणि बऱ्याचदा १२ एबी बरोबरच होतो. इथेही आधी तात्पुरती मान्यता, मग नियमित, आणि मुदतींचा सापळा तोच.

देणगीदाराला काय मिळतं ते खरं सांगा. अशा संस्थेला दिलेल्या रकमेच्या ५० टक्के वजावट मिळते, तीही त्याच्या समायोजित (इतर वजावटी जाऊन उरलेल्या) उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत, आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. नव्या प्रणालीत ८० जी नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आणि वस्तूरूपाने दिलेल्या मदतीला वजावट नाही. धान्याच्या पोत्यांवर ८० जी ची पावती फाडू नका.

पावतीवर अनुक्रमांक, नाव, पूर्ण पत्ता, पॅन आणि पैसे कसे आले ते हवं. ही माहिती वर्षअखेरीस लागतेच. देणग्यांचं विवरण (जुनं १० बीडी) ३१ मे पर्यंत भरायचं आणि त्यातून निघालेलं प्रमाणपत्र (१० बीई) देणगीदाराला द्यायचं. त्याशिवाय तुमच्या छापील पावतीवर त्याला वजावट मिळत नाही. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. दानपेटीतले, नाव-पत्त्याची नोंद नसलेले पैसे निनावी देणगी ठरतात. १ लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातली मोठी रक्कम ओलांडली की त्यावरच्या भागावर ३० टक्के कर लागतो.

दरवर्षीचं

वर्षाच्या उत्पन्नाच्या किमान ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवी. उरली तर ती कशासाठी राखून ठेवली हे ठरावासह मुदतीत कळवावं लागतं. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिलेला खर्च यात धरला जात नाही. मंडपवाला, टेम्पोवाला, आचारी यांना रोख देण्याची सवय इथे नडते. विश्वस्ताच्या मालकीची जागा किंवा वाहन वापरत असाल तर दर बाजारापेक्षा जास्त नको आणि ठराव हवा. नाहीतर तो विश्वस्ताला दिलेला लाभ ठरतो.

लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयाकडे ३० सप्टेंबरच्या आत जातो. आयकराचा अहवालही त्याच तारखेच्या आत, आणि विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत. विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवा आला, पत्ता बदलला, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे कलम २२ चा बदल अर्ज. हा टाळला तर पाच वर्षांनी परिशिष्ट १ वर गेलेल्या माणसांची नावं असतात आणि बँक नव्या सह्या घेत नाही. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला किंवा घरजागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते.

परदेशातला पैसा आणि सीएसआर

परदेशी नागरिकाकडून, मग तो जन्माने आपल्याच गावचा असो, एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाची त्याच्या वैयक्तिक बचतीतली देणगी परदेशी धरली जात नाही, ओसीआय कार्डधारकाची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाची) धरली जाते. म्हणून परदेशातून देणगी येणार असेल तर पासपोर्टची प्रत घेऊन ठेवा. एफसीआरए नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात.

सीएसआरसाठी १२ एबी आणि ८० जी शिवाय तीन वर्षांच्या कामाची नोंद आणि कंपनी कामकाज मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज लागतो. सरकारी अनुदानासाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक मागतात. तो विश्वस्तांच्या पॅन-आधारची माहिती जुळल्यावरच मिळतो, तेव्हा सुरुवातीला दुरुस्त केलेली स्पेलिंग इथे पुन्हा उपयोगी पडतात.